आई शेजारी बसलेली असताना मैत्री होत नाही

गेल्या महिन्यात एका परिसंवादाला गेले होते. विषय होता दिव्यांग तरुणांची सामाजिक कौशल्यं. व्यासपीठावर चार जण, समोर साठ-सत्तर पालक आणि पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्च्यांवर पाच-सहा मुलंमुली. त्यांतली एक माझी भाची. तिला जन्मतः स्पायना बिफिडा आहे. म्हणजे गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मज्जारज्जूची जी नळी मिटायला हवी, ती पाठीच्या खालच्या भागात मिटलीच नाही. पहिल्या वक्त्या म्हणाल्या, या मुलांना नजरेला नजर देऊन बोलणं, संभाषणाला सुरुवात करणं, नकार पचवणं यांचं रीतसर प्रशिक्षण हवं. दुसरे गृहस्थ तावातावानं उठले. मुलांना कशाला शिकवता, समाजाला शिकवा, जिना आमच्या मुलांत नाही, तुमच्या इमारतीत आहे, असं म्हणाले. टाळ्या दोघांनाही पडल्या आणि पुढचे दोन तास हेच चाललं. त्या दोन तासांत ‘लघवी’ हा शब्द एकदाही कुठल्याच वक्त्याच्या तोंडून आला नाही. डोक्यातलं पाणी उतरवणाऱ्या नळीचं ‘शंट’ हे नावही नाही. पहिल्या रांगेतल्या मुलांच्या हातात माइक आला तो आभाराच्या आधी, दोन शब्द बोलण्यापुरता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माणसांत कसं वावरायचं हे माणसांत राहूनच कळतं, आणि तेही घरचं मोठं माणूस शेजारी नसताना. या मुलामुलींना बरोबरीच्यांमध्ये, आईवडिलांच्या नजरेबाहेर, रोज थोडा तरी वेळ मिळायला हवा. प्रशिक्षण, रॅम्प, कायदा हे सगळं त्या वेळासाठी हवं. आज तो वेळ त्यांना मिळत नाही, आणि का मिळत नाही याचं उत्तर पायांपेक्षा शाळेच्या संडासात जास्त सापडतं. दोन्ही बाजूंचे वक्ते त्या दारावरून तसेच पुढे निघून गेले, म्हणून हे लिहायला बसले.

भाची पहिलीपासून घराजवळच्या साध्या मराठी शाळेत शिकली. पायांना आधाराचे कॅलिपर घालून, वॉकर धरून वर्गापर्यंत जायची. या आजारात मूत्राशय भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि ते आपोआप पूर्ण रिकामंही होत नाही, म्हणून दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. ती काढायला माझी वहिनी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जायची. पाऊस असो, अंगात ताप असो, सात वर्षं. घंटा झाली की बाकीच्या मुली डबे घेऊन पटांगणातल्या पाराकडे पळायच्या आणि ही आईबरोबर शिक्षकांच्या बाथरूमकडे. हात धुणं, नळी, कपडे सारखे करणं, पुन्हा कॅलिपरचे पट्टे बांधणं, यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. उरलेल्या पाच मिनिटांत डबा. शाळेतली मैत्री गणिताच्या तासाला होत नाही. ती मधल्या सुट्टीत होते. कुणाच्या डब्यातलं लोणचं कुणाला मिळालं यावरून होते, रुसण्याफुगण्यातून होते. माझ्या भाचीच्या वाट्याला सात वर्षांत एकही मधली सुट्टी आली नाही. आणि दर वर्षी प्रगतिपुस्तकावर शेरा यायचा, ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही.’

सातवीची सहल निघाली तेव्हा शाळेनं सांगितलं, आई येणार असेल तरच हिला नेऊ. वहिनी गेली. बसच्या मागच्या बाकांवर मुलींचा घोळका, गाण्याच्या भेंड्या, कुजबुज, खिदळणं. मुलींनी सरकून भाचीला जागा केली आणि तिच्या शेजारी वहिनी बसली. दहा मिनिटांत कुजबुज थांबली. एक मुलगी अदबीनं म्हणाली, ‘काकू, खिडकी बंद करू का?’ मग एकेक करून सगळ्या पुढच्या बाकांवर गेल्या. कुणी वाईट वागलं नाही, कुणी चिडवलं नाही. त्या रात्री वहिनीचा मला फोन आला. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘आज मीच तिची अडचण होते.’

आता प्रशिक्षणाच्या बाजूकडे येते. त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना वाटतं की हे सगळं मुलांना ‘नॉर्मल’ करण्याचं खूळ आहे. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. स्पायना बिफिडा पाठीत दिसतो म्हणून तो पाठीपुरता आहे, असा समज घट्ट बसलाय. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूतही पाणी साठतं, आणि त्यांतल्या पुष्कळांना ते पोटात उतरवण्यासाठी कातडीखालून नळी, म्हणजे शंट, बसवावा लागतो. त्याचा परिणाम सगळ्या बुद्धीवर सरसकट होत नाही. तो काही नेमक्या जागी होतो. लक्ष टिकवणं, एकापाठोपाठ एक कामाचा क्रम लावणं, समोरच्यानं न बोललेलं ओळखणं, हे जड जातं. शब्दांची मात्र कमी नसते. भाची पाच वर्षांची असताना पाहुण्यांशी अशी बोलायची की घर थक्क व्हायचं, ‘अगदी मोठ्या माणसासारखी बोलते हो!’ ती मोठ्यांचीच वाक्यं असायची, उचलून आणलेली. पण बरोबरीची एखादी मैत्रीण लाडात ‘जा बाई, तू आता बोलूच नकोस माझ्याशी’ म्हणाली की हिला ते खरंच वाटायचं आणि ही चार दिवस बोलायची नाही. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ग्रेसन होल्मबेक यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शाळेबाहेर मित्रमैत्रिणींशी कमी संबंध, स्वतः पुढाकार घेण्याऐवजी बसून राहणं आणि मोठ्यांच्या सांगण्यावर अवलंबून असणं, हे चित्र त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. पाढे न येणाऱ्या मुलाला आपण पाढे शिकवतोच ना? मग टोमणा कुठला आणि थट्टा कुठली हे एखाद्या मुलीला बसून, उलगडून सांगितलं तर त्यात तिचा अपमान कसा होतो? मी तर म्हणेन, हा भाग लपवून ठेवणं हाच अन्याय. कारण मग जग त्या मुलीला तुटक आणि आखडू समजतं, आणि तिचं तिलाही कळत नाही की काय चुकतंय.

पण हे शिकवायचं कुठे? शनिवारी दुपारी दोन तास, एका खोलीत, आणखी एका मोठ्या बाईंसमोर? ही मुलं जन्मल्यापासून मोठ्यांतच वाढलीत. डॉक्टर, नर्स, फिजिओ, आजी, आत्या. मोठ्या माणसाला काय ऐकायला आवडतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. कार्यशाळेत ती छान वागतात, बाई खूश होतात, प्रमाणपत्र मिळतं, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत मुलगी पुन्हा आईबरोबर बाथरूमकडे जाते. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणं कुठल्याही मुलाला कठीण असतं, आणि ज्यांना प्रसंग पाहून अंदाज बांधणं जड जातं त्यांना तर फारच. थट्टा ओळखायला शिकायचं तर थट्टा करणारी बारा वर्षांची मुलगी समोर हवी, बेचाळीस वर्षांची समुपदेशक पुरत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की दोष समाजाचा आहे. यातलं बरंचसं मला मान्य आहे. टॅनी ग्रे-थॉम्प्सन हे नाव काही वाचकांना माहीत असेल. वेल्समध्ये जन्मलेली ही बाई स्पायना बिफिडासह वाढली, पॅरालिंपिकमध्ये अकरा सुवर्णपदकं जिंकली आणि २०१० पासून ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सची सदस्य आहे. वावरण्याचं कौशल्य याहून अधिक ते काय असतं? तरी ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर गाडीतून उतरवायला कुणी आलं नाही, तेव्हा तिला आधी सामान बाहेर टाकून मग स्वतः सरपटत उतरावं लागलं. तिथे तिचं काय शिकायचं राहिलं होतं? काहीच नाही, रॅम्प घेऊन एक माणूस यायचा राहिला होता. आपल्याकडची स्टेशनं, एसटी स्टँड, महाविद्यालयांचे दोन-दोन जिने आठवून पाहा. जी मुलगी वर्गातच पोचू शकत नाही तिला हसतमुखानं ओळख करून घ्यायला शिकवणं ही थट्टा आहे.

इथपर्यंत आम्ही बरोबर आहोत. पुढे वाटा वेगळ्या होतात, कारण भाचीच्या शाळेत रॅम्प होता. तळमजल्यावर वर्ग होता. शिक्षक प्रेमळ होते. रॅम्प तिला दारापर्यंत घेऊन आला आणि तरी मधली सुट्टी तिच्या हाताला लागलीच नाही. शिवाय समाज बदलेल तेव्हा बदलेल; तेरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांची एकदाच असते. ती तीस वर्षांची होईपर्यंत सगळ्या शाळांत अपंगांसाठी संडास झाले तरी तिची आठवी परत येणार नाही. ‘समाजाला शिकवा’ म्हणणारे गृहस्थ त्या संध्याकाळी माझ्याशी बोलताना म्हणाले, ‘या खासगी गोष्टी व्यासपीठावर कशाला?’ ज्या गोष्टीवर मुलीचा दिवस ठरतो, तिची शाळा ठरते, तिच्या आईची नोकरी सुटते, तिला खासगी म्हणून दाराआड ढकललं की मग चर्चेत फक्त रॅम्प उरतो. तो सगळ्यांना बोलायला सोपा जातो.

या ‘खासगी’ गोष्टीचाही एक इतिहास आहे आणि तो सगळ्या पालकांना माहीत असायला हवा. १९७१ साली इंग्लंडमधल्या शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ जॉन लॉर्बर यांनी शेकडो बाळांच्या नोंदी तपासून मांडलं, की स्पायना बिफिडाच्या प्रत्येक बाळावर उपचार करू नयेत. लकवा किती वरपर्यंत आहे, डोकं किती मोठं आहे, पाठीला बाक आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहून निवड करावी. ज्यांची निवड होत नसे त्यांतली बहुतेक बाळं जगत नसत. लॉर्बर क्रूर नव्हते. त्यांनी मुलांचे हाल पाहिले होते: निकामी होणारी मूत्रपिंडं, सतत ओले कपडे, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. त्या काळच्या माहितीवर त्यांनी भविष्य वर्तवलं. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं, की ठरावीक वेळानं नळी घालून मूत्राशय रिकामं करा. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली की पुरे. संसर्ग मुख्यतः होतो तो मूत्राशय तुडुंब भरून ताणलं गेल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर नळी म्हणजे हातमोजे, निर्जंतुक पेटी आणि नर्स असं समीकरण होतं. लॅपिडीसनी ती रुग्णाच्या स्वतःच्या हातात दिली. मूत्रपिंडं वाचू लागली, कपडे कोरडे राहू लागले, माणसं घराबाहेर पडू लागली. ‘हिच्या आजारातच एकटेपण आहे’ असं कुणी म्हणालं की मला ही दोन वर्षं आठवतात. ७१ साली जे विधिलिखित वाटत होतं, त्यातलं बरंचसं फक्त न सापडलेल्या एका साध्या रीतीचं नाव होतं.

स्वतः नळी घालायला भाची सातवीनंतरच्या उन्हाळ्यात शिकली. त्याआधी एकदा प्रयत्न झाला होता, पण ती मधलंच काहीतरी विसरायची आणि रडायची, आणि वहिनीनं सोडून दिलं होतं. या वेळी एका नर्सबाईंनी कामाचे नऊ तुकडे केले, प्रत्येकाचं चित्र काढून बाथरूमच्या फरश्यांवर चिकटवलं. हात धुवा. डबी उघडा. आरसा लावा. सगळं बसून, एका हाताच्या अंतरावर. पहिला आठवडा वहिनी आत उभी राहिली, दुसऱ्या आठवड्यात दाराबाहेर, तिसऱ्यात स्वयंपाकघरात. मी त्या दिवसांत तिथेच होते. वहिनी ओट्यापाशी कणीक मळत उभी असायची, हात थांबलेले, कान बाथरूमकडे. एक दिवस आतून आवाज आला, ‘आई, झालं. येऊ नकोस.’ पुढे मनगटावर थरथरणारं घड्याळ आलं, म्हणजे दर साडेतीन तासांनी आठवण होई आणि वर्गात कुणाला ऐकू जात नसे. प्रशिक्षण म्हणतात ते हे. ज्या मेंदूला क्रम लावणं जड जातं त्याला क्रम लावून द्यायचा, आणि तोही अशा कामासाठी की ज्यानं दिवसाचे सहा तास मोकळे होतात. आठवीत तिची मधली सुट्टी दहा मिनिटं नळीची आणि वीस मिनिटं पाराखालची झाली. दिवाळीच्या आत तिचं पहिलं भांडण झालं. वहिनीला त्याचा झालेला आनंद मी विसरणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे जी आपण कुजबुजतही नाही. ज्या मुलीच्या कपड्यांना जन्मापासून रोज पाच वेळा दुसऱ्याचे हात लागतात, जिला दवाखान्यात कुणीही पांढऱ्या कोटातलं माणूस ‘जरा बघू’ म्हणतं, तिला आपलं शरीर आपलं आहे हे कधी कळणार? कोण हात लावू शकतो आणि कोण नाही, हे बाकीच्या मुली आपोआप शिकतात. हिला ते शिकायला जागाच नसते. वयात येणंही या मुलींत पुष्कळदा लवकर होतं, विशेषतः डोक्यात पाणी असेल तर. म्हणजे शरीर पुढे गेलेलं, जगाचा अनुभव मागे राहिलेला, आणि नकार देण्याची सवयच नाही. ‘येऊ नकोस’ हे भाचीचं वाक्य मला म्हणून मोलाचं वाटतं. आईला प्रेमानं ‘नको’ म्हणता आलेली मुलगी उद्या परक्याला ठासून ‘नको’ म्हणेल. प्रेम, लग्न, संसार या गोष्टी या तरुणांच्या बाबतीत घरात बोलल्याच जात नाहीत. जणू त्या त्यांच्यासाठी नाहीतच. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कुणी आवडलं तर ते सांगायचं कसं आणि नकार आला तर पुढे कसं वागायचं, हे तो कुठे शिकणार? बाकीचे कॉलेजच्या कट्ट्यावर शिकतात, एकमेकांचे फजितीचे किस्से ऐकून. त्याला कट्टाच माहीत नसतो.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. तो वक्त्यांनी घेतला नाही, मागच्या रांगेतल्या एका आईनं घेतला. ‘शंट बंद पडला तर? तुम्ही म्हणता एकटीला सोडा, मी कशी सोडू?’ यावर सभागृह गप्प झालं, आणि व्हायलाच हवं होतं. शंट तुंबला तर डोकं दुखतं, उलट्या होतात, गुंगी येते, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. पायाला जाणीव नसते, त्यामुळे स्कूटरच्या तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला तरी कळत नाही. एका जागी बसून जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. यांतल्या पुष्कळ मुलांना लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी असते, म्हणजे वाढदिवसाच्या फुग्यांचीसुद्धा भीती. हे सगळं सांभाळत ज्या आईनं मूल अठरा वर्षांचं केलं, तिला ‘फार जपता तुम्ही’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मेंदूतलं पाणी वाहून नेणारी खात्रीची झडपसुद्धा मूळ अशाच एका बापानं बनवली. जॉन होल्टर हा फिलाडेल्फियाजवळच्या कुलपांच्या कारखान्यातला कारागीर. १९५५ मध्ये त्याला स्पायना बिफिडाचा मुलगा झाला, आणि सर्जनकडून अडचण समजून घेऊन त्यानं पुढच्या काही महिन्यांत सिलिकोनची झडप तयार केली. पालकांची काळजी ही या आजारातली सगळ्यात मोठी औषधशाळा आहे, हे मी मनापासून मानते.

तरीही त्या आईला मी एक प्रश्न विचारला, आणि इथेही विचारते. शंट बंद पडल्याची लक्षणं आज घरात किती जणांना ठाऊक आहेत? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं, आईला. म्हणजे मुलीचा जीव एका माणसाच्या जागेपणावर टांगलेला. ती आई आजारी पडली तर? एक दिवस ती राहिली नाही तर? मुलीला स्वतःला ती लक्षणं सांगता येत असतील, तिच्या दोन मैत्रिणींना माहीत असतील, वर्गशिक्षिकेच्या वहीत लिहिलेली असतील, तर तिच्यावर एकाऐवजी पाच जोड्या डोळ्यांची नजर राहते. भाचीनं नववीत आपल्या मैत्रिणीला सांगून ठेवलं होतं, ‘मी दुपारी उगाच झोपाळले आणि उलटी झाली तर बाईंना सांग, आईला फोन लाव, वाट बघू नको.’ हे सांगायला आधी मैत्रीण असावी लागते. मैत्री आणि सुरक्षितता या दोन गोष्टींत एक निवडा, असा पेच आपण उगाच उभा केलाय. वय वाढतं तसं आईचं बळ कमी होत जातं, आणि तेव्हा या माणसाला त्याच्या ओळखीची चार माणसंच वाचवणार असतात.

घरात सुरक्षित ठेवून शिकवू, हा तोडगा आपल्या समाजाला नवा नाही. मुलींच्या शिक्षणाचा वाद पेटलेला असताना पुष्कळ सुधारकांनी घरातच शिकवण्याचा मार्ग धरला होता. न्यायमूर्ती रानड्यांनीही रमाबाईंना घरीच शिकवलं, रात्री दिव्यापाशी बसवून, घरातल्या बायकांचे टोमणे झेलत. त्या शिकवण्याचं मोल कमी नाही. पण ज्या रमाबाई रानड्यांनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं, १९०९ मध्ये, त्या काय फक्त त्या दिव्यापाशी घडल्या? १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तिथे रमाबाई रानडे जाऊ लागल्या, बायकांच्या सभेत बसू लागल्या, बोलू लागल्या. घरी वाचायला शिकता येतं. सभेत उभं राहायला सभेतच शिकावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षणहक्क कायद्यात तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आला. काही मुलांना तो खरोखर हवा आहे. पण जी मुलं शाळेत बसू शकतात त्यांच्यासाठी शाळा तो सुचवते, केवळ संडासाची सोय करायची नाही म्हणून, तेव्हा तिनं मुलाचा अभ्यासक्रम वाचवलेला असतो आणि बालपण घालवलेलं असतं.

मग खास शाळा की साधी शाळा? या वादात मला फार वेळ घालवायचा नाही, कारण या मुलांना दोन्ही प्रकारची माणसं लागतात. साध्या शाळेतल्या मैत्रिणी हव्यातच, पण आपल्यासारखी, आपल्याहून मोठी, पुढे गेलेली माणसंही दिसायला हवीत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. ऐन उमेदीच्या वयात पायांतली ताकद गेल्यावर त्यांना धीर दिला तो स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. नंतर १९८४ मध्ये नसीमादीदींनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि तिच्या वसतिगृहात मुलं एकत्र राहू लागली. एकत्र राहणाऱ्या मुलांत कुणीतरी मोठी ताई लहानीला नळीची, डायपरची, एनिमाच्या वेळेची युक्ती अशा सहजपणे सांगते, की कुठल्याच डॉक्टरला ते जमणार नाही. वास येतो का, हे आई प्रेमापोटी सांगत नाही आणि वर्गातल्या मुली संकोचानं सांगत नाहीत, फक्त लांब बसतात. ‘अगं, आज बदलून घे’ असं तोंडावर सांगणारी एक ताई दहा कार्यशाळांचं काम करते. मुंबईत स्पायना बिफिडाच्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था आहे. पण सातारा, नांदेड, चंद्रपूर इथल्या मुलानं या आजाराचा दुसरा माणूस आयुष्यात पाहिलेलाच नसतो. वर्षातून आठ दिवस, आईवडिलांशिवाय, अशा मुलांची निवासी शिबिरं प्रत्येक विभागात झाली तर कितीतरी बदलेल. सोबत एक नर्स, एक फिजिओ, आणि वयानं थोडी मोठी, हाच आजार घेऊन कमावती झालेली दोन माणसं हवीत.

शाळांबद्दल एकच सांगते, कारण कायदा आधीच झाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यातल्या एकवीस प्रकारांच्या यादीत स्पायना बिफिडाचं वेगळं नाव नाही. ही मुलं सहसा अस्थिव्यंगांत मोजली जातात, आणि म्हणून शाळेला वाटतं की रॅम्प केला की आपलं काम संपलं. कलम १६ मात्र शाळेला सांगतं, की शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्या. सहल म्हणजे करमणूक. स्नेहसंमेलन म्हणजे करमणूक. ‘आई आली तरच’ ही अट बाकीच्या एकोणचाळीस मुलींना नव्हती, मग ती बरोबरी कशी? शाळेला काय करावं लागलं असतं? आतून कडी लागणारा, पाणी असलेला, खुर्ची आत वळू शकेल असा एक संडास. त्यात हाताला येईल असं एक शेल्फ. मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटं वर्गाबाहेर जायची मुभा. सहलीच्या वाटेवर असा संडास कुठे आहे हे विचारून ठेवणारे एक शिक्षक. याला अनुदानाची वाट पाहायला नको, एका बैठकीत हे ठरू शकतं.

त्या परिसंवादात भाचीला माइक मिळाला तेव्हा ती फक्त ‘सगळ्यांचे आभार’ म्हणाली आणि थांबली. व्यासपीठावरच्या बाईंनी मान डोलावून माझ्याकडे पाहिलं, त्यांना त्यांचं म्हणणं पटल्यासारखं वाटलं असावं. मी काही बोलले नाही. भाची आता कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाहेर पडल्यावर तिनं मोबाइल काढला, मैत्रिणीला फोन केला, आणि वहिनीला म्हणाली, ‘तुम्ही दोघी रिक्षानं जा. आम्ही भेळ खाऊन येतो. तिथल्या हॉटेलचा संडास खाली आहे, मी विचारलंय.’ ती रात्री पावणेनऊला घरी आली, डोळ्यांत हसू तसंच. वहिनीनं विचारलं, ‘एवढा वेळ काय बोलत होतात गं?’

‘काही नाही,’ ती म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं.